हिरव्या शाईतली सही

"ही कल्पना मला माझ्या आईमुळे सुचली," सबनीस म्हणाला, आणि मी हातातला चहाचा कप पटकन बशीत ठेवला. हसू फुटलं असतं तर चहा डोरीनबाईंच्या गालिच्यावर सांडला असता.

तो खिडकीखालच्या हीटरपुढे एक गुडघा टेकून बसला होता. अंगात निळा सूट, पायांत नुसते मोजे. बूट काढा असं त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं, पण त्याला नम्र दिसायचं होतं. हीटरच्या कोपऱ्यावर आमचा नवा व्हॉल्व्ह बसवलेला होता. मुठीएवढा, पांढरा, आणि त्याच्याभोवती काळ्या रबराचं जाड कडं.

"आईची बोटं वाकली आहेत," तो इंग्रजीत सांगत होता. "तिला फोनवरून काही जमत नाही. मी म्हटलं, हाताने फिरवता येईल असं काहीतरी हवं. आकडे मोठे हवेत. चष्मा शोधायला लागू नये."

सबनीसची आई त्या वर्षी कोथरूडला रोज सकाळी बॅडमिंटन खेळत होती. वाकलेली बोटं होती ती डोरीनबाईंची, आणि त्या समोरच्याच खुर्चीत, ती बोटं मांडीवर ठेवून त्याचं बोलणं ऐकत होत्या. पलीकडे पलंगावर उशांना टेकून त्यांचा नवरा अर्नेस्ट बसला होता. बैठकीच्या खोलीत पलंग का, हे सबनीसने विचारलं नाही. त्याला ते ठाऊक होतं.

सोफ्यावर हेलन फ्रेझर होती. ज्या इंग्लिश कंपनीसाठी आम्ही हे व्हॉल्व्ह करत होतो, तिथली ती मुख्य बाई. तिच्या मांडीवर आमची फाईल होती, बासष्ट पानांची. सबनीसचं ऐकता ऐकता ती एकेक पान उलटत होती. ती चौथ्या पानावर होती आणि माझा सगळा जीव नवव्या पानात अडकला होता.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी भोसरीतल्या एका कंपनीत डिझायनर होते. मूळची कराडची, तोडकरांची रोहिणी. आमच्या घरात राग गिळायची पद्धत नाही. वडील रागावले की ताट भिरकवायचे, आई आठ-आठ दिवस बोलायची नाही. मी आईवर गेले आहे. मी वाट बघू शकते. सबनीस आमच्या डिझाइन विभागाचा प्रमुख होता. त्याला समोर 'सर' म्हणायचं आणि मनात 'तो', असा माझा शिरस्ता होता.

थंड देशांत घरोघरी खिडकीखाली लोखंडी हीटर असतो आणि त्यातून गरम पाणी फिरतं. त्याच्या कोपऱ्यातला व्हॉल्व्ह उघडला की खोली गरम, मिटला की गार. आम्ही करत होतो तो शहाणा व्हॉल्व्ह: आत छोटी मोटर, दोन सेल, आणि फोनवरून हुकूम सोडायची सोय. मोटर एक पिन आत ढकलते, बाहेर सोडते. सगळा खेळ त्या पिनेचा. ती हलली नाही तर बाकीचं सगळं शोभेचं.

आणि ही पिन चार महिने एका जागी राहिली की पाण्यातले क्षार धरून बसते. गावाकडच्या बंद घरातला नळ उघडायला पाना लागतो, तसंच. म्हणून मी व्हॉल्व्हला एक सवय लावली होती. आठवड्यातून एकदा, हीटर चालू असो वा बंद, त्याने पिन पूर्ण आत-बाहेर करायची. टेस्टिंगचे मोमीनचाचा याला सूर्यनमस्कार म्हणायचे. "मॅडम, आज सगळ्यांनी नमस्कार घातले," असं ते दर शनिवारी येऊन सांगायचे, आणि पुढे आमच्या सगळ्यांच्या बोलण्यात तोच शब्द रुळला.

पहिल्या मॉडेलच्या वेळी, मार्च महिन्यात सबनीसने फर्मान काढलं.

"नमस्कार काढून टाक. त्यात सेल फुकट जातात. मला खोक्यावर 'सेल दोन वर्षं चालतात' असं छापायचं आहे."

"सर, पिना अडकतील."

"कोल्ड स्टोरेजमध्ये अडकल्या का?"

पुण्यात थंडी आणायची कुठून, म्हणून आम्ही पिंपळगावला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधली एक खोली मिळवली होती. तिथे हीटर बसवून, कानटोप्या घालून तीन आठवडे बसलो होतो. घरी गेल्यावर स्वेटरला द्राक्षांच्या पेट्यांचा वास यायचा. तीन आठवड्यांत एकही पिन अडकली नव्हती हे खरं होतं.

"सर, तिथे हीटर सतत चालू होते. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात ते चार-पाच महिने बंद असतात."

"इंग्लंडमध्ये उन्हाळा असतो का गं?" त्याने विचारलं, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. खरं सांगायचं तर त्या टेबलावरच्या एकानेही इंग्लंडमधला जून पाहिला नव्हता. मीसुद्धा.

मी नमस्कार काढला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन रकाने असतात: कुणी केलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. पहिल्या दोन्हींत मी माझ्या निळ्या पेनाने सही केली. तिसऱ्यात सबनीसने त्याच्या हिरव्या पेनाने करायची होती. वडील सरकारात मोठे अधिकारी होते म्हणून हिरव्या शाईचं त्याला भारी कौतुक. पण त्या दिवशी तो म्हणाला, "घाई आहे, नंतर करतो." तो रकाना रिकामाच राहिला. एप्रिलमध्ये उत्तर इंग्लंडच्या एका गावात वीस घरांत ते व्हॉल्व्ह बसले. त्या वीस घरांच्या पत्त्यांची यादी मी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. आपली वस्तू पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरात गेली होती, त्याचं अप्रूप होतं.

सप्टेंबरमध्ये मोमीनचाचांनी मला बोलावलं. एप्रिलपासून बंद ठेवलेले सहा व्हॉल्व्ह त्यांनी चालू करून पाहिले होते.

"मॅडम, चार जागचे हलेनात. मोटर बिचारी नुसती कण्हतेय."

मी त्याच दिवशी, चौदा सप्टेंबरला, सबनीसला मेल लिहिला. सहापैकी चार पिना अडकल्या आहेत, त्या वीस घरांतही हेच होईल, नमस्कार परत चालू करू या. इथे बसून तो इंटरनेटवरून चालू करता आला असता, दोन दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

"असलं लेखी कशाला देतेस? बोलत जा ना. डिलीट कर बघू." मी त्याच्यासमोर डिलीट केला. आदल्या संध्याकाळी मी त्याची छापील प्रत ड्रॉवरमध्ये टाकली होती, ते त्याला माहीत नव्हतं. "खोकी छापून झाली आहेत. थंडी सुरू झाली की पिना आपोआप सुटतील. आणि दिवाळीनंतर टीम लीडसाठी तुझंच नाव चाललंय, कळलं ना?"

मी "हो सर" म्हटलं.

त्या वर्षी तिकडे थंडी उशिरा आली, जानेवारीत एकदम बर्फ पडला. वीसपैकी सात घरांत व्हॉल्व्ह मिटलेल्या अवस्थेत अडकले. एका घरातल्या एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला न्यूमोनिया झाला. हेलनने मीटिंग लावली. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा, अलीकडे टेबलाशी सबनीस, त्याच्या शेजारी मी. त्याच्या हातात ते मार्चचं ड्रॉइंग होतं.

"आमच्या एका इंजिनिअरची ही चूक आहे," तो पडद्याकडे बघून शांतपणे म्हणाला. "कागदावर फक्त तिचीच सही आहे. माझ्यापर्यंत हे आलंच नाही. ती प्रत्येक घराला स्वतः माफीचं पत्र लिहील."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाखाली माझ्या पायाच्या बोटांपासून जो जाळ उठला तो कानापर्यंत गेला, आणि त्याच क्षणी मला कळलं की मी याला सोडणार नाही.

पत्राचा मजकूर त्यानेच सांगितला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून क्षमा मागते.' वीस पत्रं, वीस सह्या. पाकिटांवर पत्ते मी काचेखालच्या यादीवरून घातले. प्रत्येक सहीला मी मनातल्या मनात सबनीसचं नाव घेत होते, आणि ते देवाचं घेतात तसं नव्हतं.

एकोणीस घरांतून काहीच आलं नाही. विसाव्या घरातून तीन आठवड्यांनी हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर वेडंवाकडं, पण वाक्यं ठणठणीत. त्या न्यूमोनिया झालेल्या म्हाताऱ्याच्या बायकोचं, डोरीन हार्ग्रीव्हचं.

'तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर माझा विश्वास नाही,' त्यांनी लिहिलं होतं. 'मी तीस वर्षं कापडगिरणीत होते. साहेबाने सांगितलेलं पत्र मला वासावरून ओळखू येतं. तुझ्याकडून हे लिहवून घेतलंय. पण व्हॉल्व्ह तूच केला असशील तर ऐक. त्या रात्री फोन म्हणत होता खोली गरम आहे, अर्नेस्ट म्हणत होता गार आहे. आम्ही फोनवर विश्वास ठेवला. पुढच्या वेळी हाताने फिरवता येईल असं काहीतरी कर. आणि व्हॉल्व्हवरचा तो हिरवा दिवा बंद कर, झोप लागत नाही.'

ते पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि तिथेच रडले. अख्ख्या जगात एका बाईने मला निर्दोष ठरवलं होतं, आणि ती बाई ज्याच्या छातीत पाणी झालं त्याची बायको होती.

मग आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. डोरीनबाईंची सगळी बोटं संधिवाताने आत वळलेली, म्हणून गुळगुळीत कडं चालत नव्हतं. मी त्याला खोल खाचा पाडल्या. त्या हीटरवर टॉवेल वाळत घालायच्या, म्हणून मी व्हॉल्व्हचा तापमान मोजायचा भाग टॉवेलखाली येणार नाही असा पुढे काढला. सेल संपले, फोन हरवला, तरी कडं फिरवलं की पिन हलणार, अशी रचना केली. नमस्कार परत आणला आणि शनिवारी सकाळी अकराला ठेवला, कारण त्या वेळी त्यांचा चहा असतो आणि 'टक' असा आवाज आला तरी कुणी दचकत नाही. खोली खरंच गरम झाली तरच फोनने तसं म्हणायचं, हा हट्ट माझा. अर्नेस्ट हॉस्पिटलातून परतला, पण त्याचा जिना सुटला. त्याचा पलंग खाली आणला. मागच्या अंगणातली त्याची कबुतरं वरच्या खोलीतूनच दिसायची, ती शेजाऱ्याला देऊन टाकली. हे सगळं त्या लिहायच्या, आणि मी प्रत्येक पत्र सबनीसच्या खात्यावर मांडून ठेवायचे.

सबनीसने नवा नमुना पाहिला, कडं दोनदा फिरवलं आणि म्हणाला, "छान झालंय माझं डिझाइन." हे ऐकून मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं. म्हटलं, घे बाबा, सगळंच घे.

गुरुवार हा भोसरीचा लाइट जायचा वार. कारखाने बंद, ऑफिस इन्व्हर्टरवर अर्धवट चालू. एसी नाही, कॉम्प्युटर नाहीत. त्यामुळे आठवडाभर साठलेल्या कागदांवर सबनीस गुरुवारी दुपारी, खिडकीशी खुर्ची ओढून, एका बैठकीत सह्या ठोकायचा. वाचायचा नाही. घाम पुसत, फोनवर बोलत, कोपरा दिसला की हिरवी सही. अख्ख्या ऑफिसला हे माहीत होतं, त्याला सोडून.

हेलनच्या कंपनीला यावेळी एक जादा पान हवं होतं: पहिल्या मॉडेलपासून काय काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला. ते पान मी लिहिलं. एक अक्षर खोटं घातलं नाही. ते नववं पान. वर पहिल्या पानापासून कड्याची सुंदर चित्रं लावली आणि गठ्ठा उचलला.

मोमीनचाचा दारात भेटले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे.

"मॅडम, आत काय दडवलंय?"

"काही नाही चाचा. जे झालं तेच लिहिलंय."

"मग एवढा घाम का आलाय?"

"उकडतंय," मी म्हटलं.

सबनीस त्याच्या बायकोशी फोनवर सोफ्याच्या कापडाबद्दल वाद घालत होता. पहिलं पान, सही. चौथं, सही. नवव्या पानावर त्याचं पेन क्षणभर थांबलं. त्याने पेन झटकलं, शाई नीट येत नव्हती. मग सही केली. नेहमीपेक्षा मोठी, खाली दोन रेघा ओढून. मी "थँक्यू सर" म्हटलं आणि केबिनबाहेर आल्यावर जिन्यात बसून पोटभर हसले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबरात, आम्ही डोरीनबाईंच्या घरी होतो. हेलननेच हे घर निवडलं होतं. या बाईने 'उपयोगाचं आहे' म्हटलं तरच पुढे जायचं, असं तिने ठरवलं होतं. डोरीनबाईंनी दारातच मला कुशीत घेतलं. "आलीस, पोरी," म्हणाल्या. सबनीसला त्यांनी नुसता हात पुढे केला.

हेलनने नववं पान उलटलं.

ती वाचायची थांबली. मागे गेली, पुन्हा वाचलं. सबनीस अजून आईबद्दलच बोलत होता.

"मिस्टर सबनीस," ती म्हणाली, "ही हिरवी सही तुमची?"

"अर्थात. एकूण एक पान माझ्या नजरेखालून गेलं आहे."

"मग मी मोठ्याने वाचते." आणि तिने वाचलं. "मार्च. साप्ताहिक हालचाल काढली. कारण, सेल जास्त चालावेत. सूचना, के. सबनीस. हरकत, आर. तोडकर, तोंडी. चौदा सप्टेंबर. बंद ठेवलेल्या सहापैकी चार पिना अडकल्या. वीस घरांत असंच होईल असा लेखी इशारा, आर. तोडकर. निर्णय, के. सबनीस, काहीही करू नये. मेल काढून टाकण्यास सांगितलं. छापील प्रत सोबत जोडली आहे."

सबनीस हीटरपुढून घाईने उठला.

"हे... हे तिने लिहिलंय," सबनीस म्हणाला.

"सही तुमची आहे."

"मी ते वाचलं नव्हतं..." त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"बासष्टपैकी कोणती पानं वाचली होती?" हेलनने विचारलं.

तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "तोडकर, काय केलंस तू हे?"

"गुरुवार होता सर," मी मराठीतच म्हटलं. "लाइट नव्हती. दिसलं नसेल तुम्हाला."

हेलन उठली. "मी पुण्याला तुमच्या मालकांशी बोलते. तुम्हीही बाहेर या." ती कोट घालून निघाली आणि तो तिच्यामागून तसाच, मोज्यांवर. बूट दाराशीच राहिले. खिडकीतून मला दिसत होतं, ओल्या फरशीवर तो एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होता आणि हेलन फोनवर बोलत होती. नऊ महिने मी ज्याची वाट पाहिली ते हे होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते डोळे भरून पाहिलं. इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

"तो कागद बघू मला," डोरीनबाई म्हणाल्या.

मी सोफ्यावरची फाईल उचलून नववं पान त्यांच्या हातात दिलं. शाळेत पहिला नंबर आल्यावर प्रगतिपुस्तक घरी दाखवायचे, त्याच तोऱ्यात. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक ओळ वाचली. एका ओळीशी त्या बराच वेळ थांबल्या.

"चौदा सप्टेंबर," त्या म्हणाल्या. "अर्नेस्टला हॉस्पिटलात नेलं सतरा जानेवारीला."

"हो ना," मी म्हटलं. "चार महिने आधी सांगितलं होतं मी."

"कुणाला?"

"सबनीसना."

"आणि आम्हाला?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या.

"माझा पत्ता नव्हता का तुझ्याकडे?"

टेबलाची काच, तिच्याखालची यादी, अकराव्या ओळीत 'हार्ग्रीव्ह'. एप्रिलपासून रोज त्या काचेवर मी डबा ठेवून जेवत होते.

"फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हा पत्ता बरोबर होता," त्या म्हणाल्या. "पोस्टाचा कोडसुद्धा."

"मला परवानगी नव्हती," मी म्हटलं. "नोकरी गेली असती माझी."

"गेली असती," त्यांनी मान डोलावली. टीम लीडचं मी काही बोलले नाही. ते मला दिवाळीनंतर मिळालंही होतं, आणि जानेवारीनंतर काढून घेतलं तेव्हाच मला न्यायाची आठवण झाली होती.

पलंगावरून अर्नेस्ट बोलला. त्या अख्ख्या दुपारी तो एवढंच बोलला.

"एक ओळीचं कार्ड चाललं असतं. 'फोनचं ऐकू नका.' मी खाली शेगडीपाशी येऊन झोपलो असतो."

डोरीनबाई उठल्या, भिंतीजवळच्या कपाटाचा खण उघडला आणि एक घडी घातलेला कागद काढला. मी तो लगेच ओळखला. माझं माफीचं पत्र होतं.

"हे आज तुला परत देणार होते," त्या म्हणाल्या. "सकाळीच अर्नेस्टला म्हटलं, पोरीला स्वतःच्या हाताने फाडू दे. तिच्याकडून लिहवून घेतलं होतं." त्यांनी घडी उघडली, भिंग धरलं आणि हळूहळू वाचलं, "'माझ्या निष्काळजीपणामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल...'" खाली माझी निळी सही होती. त्यांनी तिच्यावरून वाकडं बोट फिरवलं. "मला वाटायचं, यात एक शब्दही खरा नाही."

मी हात पुढे केला होता की नव्हता, आठवत नाही. त्यांनी कागद पुन्हा तसाच घडी केला, खणात ठेवला आणि खण लावला.

"राहू दे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. मग हीटरकडे गेल्या, कडं दोन खाचा फिरवलं, हात लावून पाहिला. "हे मात्र चांगलं केलंस. उपयोगाचं आहे. हेलनला मी तसं सांगेन."

सबनीसला महिन्याभरात कंपनी सोडावी लागली. पुढे तो कुठे गेला मी चौकशी केली नाही. त्याची मला तेव्हा कीव आली नाही आणि आजही येत नाही. तो व्हॉल्व्ह हजारो घरांत बसला, त्यावर 'डिझाइन' म्हणून माझं नाव लागलं. आजही हिवाळ्यात शनिवारी दुपारी साडेचार वाजले की तिकडे अकरा वाजलेले असतात, हे मला घड्याळ न बघता कळतं. डोरीनबाईंना मी त्यानंतर तीन पत्रं लिहिली. त्यांचं उत्तर आलं नाही.

त्या दिवशी आम्हाला विमानतळावर न्यायला गाडी आली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. हेलन तिच्या गाडीने आधीच गेली होती. सबनीस मागच्या सीटवर बसला होता, बूट मांडीवर, मोजे चिंब. मला पुढे बसायचं होतं. पण पुढच्या सीटवर ड्रायव्हरने आमच्या नमुन्यांची पेटी पट्टा लावून ठेवली होती, म्हणून दीड तास मी त्याच्या शेजारी बसून गेले.